एका नो-बॉलचे छत्तीस लाख, आणि त्यापुढे शून्यांची रांग

आधी दोन स्कोअर वाचा. ७९-०. आणि ६७-०. दोन्ही फुटबॉलचे आहेत, आणि दोन्ही खरे आहेत!

जुलै २०१३, नायजेरिया. प्लॅटो युनायटेड फीडर्स आणि पोलीस मशीन हे दोन स्थानिक संघ गुणांत बरोबरीत होते. वरच्या साखळीत जायचं तर गोलांचा फरक मोठा हवा. दोघांचे शेवटचे सामने एकाच वेळी सुरू झाले आणि मध्यंतरानंतर मैदानावर आकड्यांचा पाऊस पडला. फीडर्सने दुसऱ्या अर्ध्या वेळात ७२ गोल केले. ४५ मिनिटांत ७२! दर साडेसदतीस सेकंदांना एक! गोल झाला की चेंडू जाळीतून काढून पुन्हा मधल्या वर्तुळात आणून ठेवायचा असतो, हे लक्षात घ्या; तो वेळही यातच आला. पोलीस मशीनने त्याच वेळात ६१ मारले. दोन सामन्यांचे मिळून १४६. आणि २०१० चा विश्वचषक आठवा: ३२ देश, ६४ सामने, महिनाभराचा जल्लोष, एकूण गोल १४५. साऱ्या जगाने महिन्यात जेवढे केले, त्याहून एक जास्त या मंडळींनी दीड-दोन तासांत केला! प्रतिस्पर्धी धरून चारही संघांवर दहा वर्षांची बंदी आली.

अशी चोरी शाळकरी पोरालाही दिसते. खरा ठोका चुकतो तो छोट्या आकड्यांनी.

ऑगस्ट २०१०, लॉर्ड्सची कसोटी. पाकिस्तानी गोलंदाज मोहम्मद आमिरचे दोन नो-बॉल, मोहम्मद आसिफचा एक. कोणत्या षटकात कोणत्या चेंडूला पाय रेषेपुढे पडणार, हे आधीच ठरलेलं. सट्टेबाजाचं सोंग घेतलेल्या एका पत्रकाराने त्यासाठी मध्यस्थाला दीड लाख पौंड मोजले होते. तेव्हाच्या दराने एक कोटी आठ लाख रुपये. भागिले तीन. एका नो-बॉलचे ३६ लाख! समोरच्या संघाला त्यातून मिळाली फक्त एक धाव. त्या वर्षी महिना २० हजार कमावणाऱ्या माणसाचा पंधरा वर्षांचा अख्खा पगार, पाय काही इंच पुढे टाकण्यासाठी! पुढच्या वर्षी कर्णधार सलमान बट्टसह तिन्ही खेळाडू आणि तो मध्यस्थ लंडनच्या कोर्टातून थेट तुरुंगात गेले.

आपल्या नागपूरचाही एक आकडा या वहीत आहे. १९ मार्च २०००, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएने आपलाच फलंदाज हर्शेल गिब्जपुढे १५ हजार डॉलर ठेवले; तेव्हाचे साधारण साडेसहा लाख रुपये. अट एकच: २० च्या आत बाद व्हायचं. गिब्जने हो म्हटलं, मैदानात उतरला आणि ५३ चेंडूंत ७४ ठोकल्या! सौदा तिथेच मोडला. तरी होकार दिला म्हणून त्याला सहा महिने घरी बसावं लागलं, आणि ते योग्यच झालं. त्या दिवशी तिकीट काढून विदर्भभरातून आलेल्या प्रेक्षकाला काय ठाऊक, की समोरच्या फलंदाजाच्या धावांना भाव लागलेला आहे?

आता भावाचं दुसरं टोक बघू. २०२२, गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातलं मोलीपूर. शेतात खेळपट्टी केली, दिवे लावले, शेतमजुरांना आयपीएलच्या संघांच्या जर्सी चढवल्या आणि यूट्यूबवर प्रक्षेपण सुरू! हर्षा भोगलेंच्या आवाजाची नक्कल करणारा समालोचकसुद्धा होता. सट्टा कुठून लागत होता? रशियातून! पंच वॉकीटॉकीवर सूचना घेत, खेळाडू त्याप्रमाणे बाद होत. पोलीस पोहोचले तेव्हा स्पर्धा उपांत्यपूर्व फेरीत आली होती. खेळणाऱ्याला मिळायचे सामन्याला ४०० रुपये. लॉर्ड्सच्या एका नो-बॉलएवढी कमाई करायला त्या मजुराला ९,००० सामने खेळावे लागले असते. रोज एक खेळला, तर साडेचोवीस वर्षांच्या वर.

एकेका माणसाकडून जथ्याकडे वळू. फेब्रुवारी २०१३ मध्ये युरोपोलने जाहीर केलं, की युरोपात फुटबॉलचे ३८० सामने संशयास्पद आहेत, आणि संशयित आहेत ४२५, पंधराहून अधिक देशांतले. रेल्वेच्या जुन्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात. या मंडळींना सहा डबे लागतील! दशकभराने, २०२३ साली, सामन्यांवर पाळत ठेवणाऱ्या स्पोर्टरडार या कंपनीला जगभरात १,३२९ सामने संशयास्पद वाटले. दिवसाला साडेतीनपेक्षा जास्त. तपासलेल्या सामन्यांच्या अर्ध्या टक्क्याहूनही हे कमी आहेत, हे आवर्जून सांगायला हवं, कारण बहुतेक खेळाडू घाम गाळून, इमानाने खेळतात. पण त्यांच्याभोवती जो पैसा घोंगावतो आहे, तो मोजायला बसलं की श्वास अडकतो.

बसूच. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालयाने २०२१ च्या अहवालात बेकायदा सट्ट्याचा वरचा अंदाज दिला: वर्षाला १.७ लाख कोटी डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरले तर १४४ लाख ५० हजार कोटी रुपये! बुकी लोक कोटीला खोका म्हणतात; हे झाले जवळजवळ दीड कोटी खोके. आपल्या केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा. रेल्वे, सैन्य, रस्ते, पेन्शनी, व्याज, सगळं धरून! हा सट्टा त्याच्या पावणेतीन पटींच्याही वर.

वर्षाचे सेकंद करू. दर सेकंदाला ४६ लाख रुपये! डेक्कन क्वीन पुण्याहून निघून मुंबईला पोहोचेपर्यंत पाच हजार कोटींच्या वर सट्टा लागून मोकळा.

आता नोटा करू, पाचशेच्या. होतात २८,९०० कोटी नोटा. नोट एक ग्रॅमची धरली तर वजन २ लाख ८९ हजार टन. मालगाडीत चार हजार टन भरा; साधारण ७२ मालगाड्या लागतील. साडेसहाशे मीटरची एकेक गाडी, एकीच्या शेपटाला दुसरी लावा. पहिलं इंजिन सीएसएमटीला, शेवटचा डबा डोंबिवलीच्या तोंडाशी! विहिरीत ओतायच्या म्हटल्या तर वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशा ८०० विहिरी काठोकाठ भरतील.

आणि त्याच नोटा मुंबई-पुणे रस्त्यावर अंथरल्या तर? नोट १५ सेंटिमीटरची, अंतर दीडशे किलोमीटर. एका रांगेला बरोबर १० लाख नोटा, म्हणजे ५० कोटी रुपये. अशा रांगा किती होतील? दोन लाख ८९ हजार! माणूस रोज एक रांग अंथरत मुंबईला गेला आणि दुसरी अंथरत पुण्याला परतला, तर काम संपायला ३९६ वर्षं. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला ते साल १६३०. त्या वर्षी ज्याने पहिली नोट ठेवली असती, तो आज कुठे शेवटच्या फेरीला पोहोचला असता. आणि हा सट्टा एका वर्षाचा!

या डोंगरासमोर आपल्या हातात काय आहे? १८६७ च्या जुगारबंदी कायद्यात अड्डा चालवणाऱ्याला जास्तीत जास्त दंड होता २०० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, हे चांगलं झालं. पण सामना विकणं ही निराळी गोष्ट. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने म्हटलं, की मॅच फिक्सिंग फसवणुकीच्या कलमात बसत नाही. श्रीलंकेने २०१९ मध्येच यासाठी दहा वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा केला. आपल्या विधी आयोगानेही २०१८ च्या २७६व्या अहवालात फिक्सिंगला फौजदारी गुन्हा ठरवा अशी शिफारस केली आहे. तुमच्या खासदारांना एक पत्र लिहा आणि विचारा, त्या शिफारशीचं काय झालं?