‘रिकामीच आहे!’

१ ऑक्टोबर २०२४. पहाटेचे पावणेपाच वाजले असावेत. खारदांड्याच्या कोळीवाड्यापासून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे गेले की जुहू लागते. त्या जुहूतील एका घरात त्या पहाटे गोळी सुटली. गोळी झाडणारा कोणी चोर नव्हता की वैरी नव्हता. चित्रपट-अभिनेते गोविंदा कोलकात्याला जायला निघाले होते. निघण्यापूर्वी ते आपले परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवीत होते. ते हातून निसटून खाली पडले आणि गोळी त्यांच्या डाव्या पायात, गुडघ्याखाली शिरली, अशी हकीकत त्यांच्या व्यवस्थापकांनी वार्ताहरांना सांगितली. डॉक्टरांनी गोळी काढली आणि चौथ्या दिवशी गोविंदा घरी परतले. दैव बलवत्तर, दुसरे काय! नळीचे तोंड वीतभर वर वळले असते, तर ही हकीकत अशी हलकेपणाने सांगता आली नसती.

बातमी वाचून पुष्कळांनी एकच शंका काढली. चापाला बोट न लावता, नुसते खाली पडून, हत्यार उडेलच कसे?

या शंकेचे उत्तर आपल्या घरातच, मुलांच्या दिवाळीच्या खेळण्यांत आहे. टिकल्यांचे पिस्तूल आठवा. टिकली पेटविण्यासाठी काडी लागत नाही, नुसता ठोका पुरतो. चाप हे त्या ठोक्याचे एक निमित्त आहे. तीच टिकली आपण दगडाने ठेचली तरी वाजते. खऱ्या काडतुसाच्या बुडाशी एक छोटीशी टोपी असते, ती म्हणजे मोठ्या माणसांची टिकलीच. तिच्यावर टोला बसला की ती पेटते, तिच्यामुळे आतली दारू पेटते आणि गोळी बाहेर पडते. टोला चाप ओढल्याने बसला की जमिनीवर आपटल्याने, याची टोपीला काय फिकीर! जुन्या धाटणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत घोड्याचे टोक टोपीला जवळजवळ टेकलेलेच असते. असे हत्यार घोड्यावर पडले की जमीनच त्याचा चाप ओढते.

हा धडा जगाने फार महागात घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकन आरमाराच्या एका जहाजावर एक भरलेले रिव्हॉल्व्हर पोलादी डेकवर पडले, गोळी सुटली आणि एका खलाशाचा प्राण गेला. त्यानंतर स्मिथ अँड वेसन कंपनीने घोडा आणि टोपी यांच्यामधला अडसर नव्याने घडविला. आजच्या चांगल्या रिव्हॉल्व्हरांत चाप पूर्ण ओढल्याशिवाय टोला टोपीपर्यंत पोहोचू नये अशी योजना असते. परंतु आपल्याकडे वाडवडिलांच्या परवान्याबरोबर त्यांचे हत्यारही वारशाने येते. ते कोणत्या धाटणीचे, त्यातला अडसर झिजला की शाबूत, हे जाणकार कारागिराकडून तपासून घेणारे किती? जुन्या रिव्हॉल्व्हरवाल्यांची रीत अशी की, सहा घरे असली तरी काडतुसे पाचच भरावयाची आणि रिकामे घर घोड्याखाली ठेवावयाचे. पडले तरी ठोका रिकाम्या घरावर!

परंतु खरा घात यंत्रापेक्षा समजुतीने होतो. खारदांड्याची कोळीण मासे कापते, तो कोयता पाहा. त्याची धार उघड्या डोळ्यांना दिसते. लहान मूलदेखील त्याच्यापासून चार हात दूर राहते. बंदुकीची धार मात्र दिसत नाही. भरलेली बंदूक आणि रिकामी बंदूक बाहेरून जुळ्या बहिणी! म्हणूनच ‘घाबरू नका, रिकामीच आहे,’ या वाक्याने जितके घात केले, तितके क्वचितच दुसऱ्या वाक्याने केले असतील.

हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडचे असले तर धोका आणखी वाढतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात ‘रस्ट’ नावाच्या चित्रपटाचे काम चालू असताना, २१ ऑक्टोबर २०२१ रोजी, नट अ‍ॅलेक बाल्डविन यांच्या हाती एक रिव्हॉल्व्हर देण्यात आले. ‘यात धोका नाही,’ अशी ग्वाही तेथे दिली गेली होती. आत खरे काडतूस होते. गोळी सुटून छायालेखिका हॅलिना हचिन्स मृत्यू पावल्या. हत्यारांची जबाबदारी सांभाळणाऱ्या तरुणीला २०२४ साली दीड वर्षाची शिक्षा झाली. बाल्डविन यांच्यावरील खटला त्याच वर्षी न्यायाधीशांनी काढून टाकला. कोर्टाचा निकाल काही लागो, गेलेला जीव परत येत नाही. हत्यार ज्याच्या हाती आले, त्याने ते स्वतः उघडून पाहावे, हाच त्यातला बोध.

मग न दिसणारी धार दिसावी कशी? नेमबाजांनी यावर साधी युक्ती काढली आहे. जुहूतील त्या अपघाताच्या बरोबर दोन महिने आधी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. अशा स्पर्धांत नेम धरण्याची वेळ नसेल तेव्हा प्रत्येक बंदुकीत भडक रंगाची एक पट्टी खोचून ठेवावी लागते. पट्टी दिसते म्हणजे घर रिकामे आहे, हे दुरूनही कळते. ती काढणे, काडतूस भरणे, थांबणे, सारे हुकुमाबरहुकूम! एवढ्या पटाईत नेमबाजांच्याही शब्दावर तेथे कोणी विसंबत नाही.

अमेरिकन मरीन दलातील अधिकारी जेफ कूपर यांनी (१९२०-२००६) हे शहाणपण चार नियमांत बांधले. पहिला, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे धरून चाला. दुसरा, जे नष्ट व्हावे असे वाटत नाही, त्यावर नळी कधी रोखू नका. तिसरा, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. चौथा, लक्ष्य आणि त्याच्या पाठीमागे काय आहे, हे ओळखून घ्या. यातली गोम अशी की, एखादा नियम चुकून मोडला तरी दुसरा माणसाला वाचवितो. बोट चुकले तरी नळी भिंतीकडे असेल, तर भिंतीचा गिलावा जाईल, माणूस जाणार नाही.

पिस्तूलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही समजूत घातकी आहे. एक काडतूस नळीच्या घरात बसलेले असू शकते. आधी मॅगझीन काढावे, मग वरची सरकपट्टी मागे ओढावी आणि घरात डोळ्याने व बोटाने पाहावे. क्रम उलटा झाला, आधी पट्टी ओढून मग मॅगझीन काढले, की नवे काडतूस घरात चढते आणि माणूस निर्धास्त होतो! घरात हत्यार एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात असावीत. साफसफाईला बसताना काडतुसे त्या खोलीतच नसावीत. आणि घाईच्या वेळी, प्रवासाच्या गडबडीत, झोपेच्या डोळ्यांनी हत्याराला हात लावू नये.

कायद्यानेही हे ओळखले आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन, परवानाधारकाला पूर्वी तीन बंदुका बाळगता येत होत्या, त्या दोनवर आल्या. लग्नाच्या वरातीत किंवा उत्सवात बेफिकीरपणे बार उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. आभाळाकडे झाडलेली गोळी आभाळात राहत नाही, ती कोणाच्या तरी अंगणात उतरते.

आता दिवाळी आहे. मुले टिकल्यांची पिस्तुले उडवतील, आणि त्यांनी ती खुशाल उडवावीत. फक्त भावंडांच्या तोंडावर पिस्तूल रोखू नये, एवढे त्यांना या चार दिवसांत प्रेमाने सांगावे. आणि कोणाच्या घरी खरे हत्यार पडलेले दिसले, तर हात न लावता तेथून निघावे आणि मोठ्यांना बोलवावे, हेही सांगावे. ज्यांच्या घरी परवान्याचे हत्यार आहे, त्यांनी लक्ष्मीपूजनाला तिजोरी उघडली की एकदा तेही उघडून पाहावे. नळी भिंतीकडे करून आणि मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवून.