तळघरातील स्नानगृह : सांडपाण्याचा निचरा व वायुनलिका

वडोदरा शहराच्या जुन्या तटाला चार दिशांना चार दरवाजे आहेत. त्यांपैकी पूर्वेकडील दरवाजा म्हणजे पाणीगेट. आजव्याकडे जाणारा रस्ता याच बाजूने निघतो. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकीर्दीत आजवा येथे सरोवर बांधण्यात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याचे पाणी नळांवाटे शहरात आले. सरोवर उंचावर असल्याने पाणी उताराने आपोआप येऊ शकले. घरातील सांडपाणी बाहेर जाते तेही याच नियमाने. तळघरात स्नानगृह बांधू इच्छिणाऱ्यांनी हा नियम प्रथम ध्यानात घ्यावयास हवा.

पाणीगेटसारख्या दाट वस्तीत घरे एकमेकांना खेटून असतात. कुटुंब वाढले, की तळघरातील रिकाम्या जागेकडे लक्ष जाते. तथापि तळघराच्या वापरावर बांधकाम नियमांची बंधने असतात. म्हणून फरशी फोडण्यापूर्वी महानगरपालिकेची परवानगी घेणे आवश्यक आहे.

प्रथम पातळी मोजावी

रस्त्यावरील मलवाहिनीला घर जेथे जोडलेले असते, त्या चेंबरचा तळ किती खोल आहे, हे आधी पाहावे. समजा, तो रस्त्याखाली १ मीटर आहे आणि तळघराची जमीन रस्त्याखाली अडीच मीटर आहे. अशा वेळी सांडपाणी किमान दीड मीटर वर चढविल्याशिवाय बाहेर जाणार नाही. नळाला उतारही हवा. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळाला दर मीटरला सुमारे अडीच सेंटीमीटर उतार देतात. म्हणजे ८ मीटर अंतरासाठी आणखी २० सेंटीमीटर उंची लागते. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन ठिकाणांची पातळी ताडून पाहतात. शाळेतील विद्यार्थ्यांनाही हा प्रयोग सहज दाखविता येईल.

टाकी व पंप

जमीन मलवाहिनीपेक्षा खाली असेल, तर तळघरात घट्ट झाकणाची पक्की टाकी बांधून त्यातील सांडपाणी पंपाने वर चढवावे लागते. पंपाचा नळ रस्त्याच्या पातळीपेक्षा वर नेऊन मग चेंबरकडे उतरवावा आणि त्यावर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवावी. वरच्या मजल्यांचे सांडपाणी या टाकीत कदापि सोडू नये. ते थेट उताराने बाहेर जाऊ द्यावे. अन्यथा वीज गेली की साऱ्या घराचे पाणी तळघरात साचेल. पंपाची कळ वरच्या मजल्यावर असावी.

या दक्षतेचे महत्त्व पावसाळ्यात कळून येते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला आलेल्या पुराने वडोदऱ्याचे अनेक भाग पाण्याखाली गेले होते. मलवाहिन्या तुडुंब भरल्या म्हणजे पाणी उलट फिरते आणि सर्वांत खालच्या मोरीतून वर येते. झडप हे पाणी अडविते. परंतु ती बंद असेपर्यंत घरातील पाणीही बाहेर जात नाही. म्हणून त्या काळात तळघरातील नळ व शौचकूप वापरू नयेत.

वायुनलिका कशासाठी?

मोरी आणि शौचकूप यांच्या खाली वाकड्या नळाचा 'ट्रॅप' असतो. त्यात साधारण ५० मिलिमीटर खोलीचे पाणी सदैव साचून राहते. हेच पाणी मलवाहिनीतील दूषित वायूला अडविते. नळातून पाण्याचा लोंढा वेगाने गेला, की त्याच्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि ट्रॅपमधील पाणी ओढले जाते. वायुनलिका जोडलेली असल्यास बाहेरची हवा आत येते, दाब समान राहतो व ट्रॅप शाबूत राहतो. ही नलिका सरळ वर नेऊन छताच्या वर, खिडक्यांपासून दूर उघडी ठेवावी. टाकीची हवाही अशाच नलिकेने छतावर न्यावी. ती तळघरातच सोडणे धोक्याचे आहे. क्वचित वापरातील मोरीचा ट्रॅप सुकतो, म्हणून तिच्यात आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे.

कुजणाऱ्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा किंचित जड असल्याने खोलगट जागी साचतो. प्रथम त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि धोका उरलाच नाही असे वाटते. जून २०१९ मध्ये वडोदरा जिल्ह्याच्या डभोई तालुक्यातील फर्तिकुई येथे एका हॉटेलची मलटाकी साफ करताना सात जणांना प्राण गमवावे लागले. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने मलवाहिन्या व मलटाक्या यांची धोकादायक सफाई माणसांकडून करून घेण्यास मनाई केली आहे. म्हणून टाकी बांधतानाच ती यंत्राने बाहेरून उपसता येईल अशी रचना करावी. आत कोणासही उतरवू नये. कोणी आत बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे उडी न घेता अग्निशामक दलास बोलवावे.

पातळी, झडप, ट्रॅप आणि वायुनलिका या चार गोष्टी आराखड्यात आधी ठरवाव्यात आणि फरशी व नळांची निवड त्यानंतर करावी. जमिनीखाली गाडलेली चूक दुरुस्त करावयाची तर सारी फरशी उखडावी लागते. कागदावरील चूक मात्र खोडरबराने पुसता येते.