पाटाच्या ओलीत लाकडी आडोसा टिकावा कसा?

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. येथील वार्षिक पाऊस सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास. कोकणात तो याच्या पाचसहापट पडतो. तेव्हा लाकूड कुजावे ते कोकणात, येथे नव्हे, असा कोणाचाही समज व्हावा. परंतु कालव्याखालच्या वस्त्यांवरील अनुभव निराळा आहे. घराभोवती हौसेने उभारलेला लाकडी आडोसा दोनतीन वर्षे बरा राहतो आणि मे महिन्यातील वळवाच्या एका झोताबरोबर आडवा होतो. पडलेला खांब पाहावा तर वरचा भाग खणखणीत असतो. खड्ड्यात राहिलेले बूडही पुष्कळदा शाबूत निघते. मोडलेला असतो तो जमिनीलगतचा वीतभर भाग. खांब कोठे व का कुजतो, हे यावरून ध्यानात येते आणि उपायही त्याच वीतभर जागेत शोधावा लागतो.

आडोशाची गरज

गावठाणातील घराला शेजारच्या भिंतींचा आधार असतो. शेतातील वस्ती चहूबाजूंनी उघडी असते. भोवती ऊस उभा आहे तोवर आपोआप आडपडदा होतो. तोड झाली की एका दिवसात सर्व रान मोकळे होते. न्हाणी, धुण्याचा दगड, अंगणात निजणारी मुले, बाळंतिणीची खोली हे सारे रस्त्यावरून दिसू लागते. पुरुषमाणसे दिवसभर रानात असतात. ही अडचण सोसावी लागते ती घरातील स्त्रियांना. काटेरी कुंपणाने गुरे अडतात, नजर अडत नाही. तारेच्या कुंपणाचेही तसेच. यास्तव घराच्या एकदोन बाजूंना तरी फळ्यांचा भरीव आडोसा असावा, ही मागणी चैनीची समजू नये. मात्र तो दर तीन वर्षांनी नव्याने बांधावा लागला, तर कुंपणानेच शेत खाल्ले असे म्हणण्याची पाळी येते.

येथील ओल कोठली?

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि कोरडवाहू रानात बारमाही पाणी आले. त्याबरोबर ऊस आला, संपन्नता आली आणि खोलगट काळ्या जमिनींत ओलही साठू लागली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पाणी वाढले आणि निचरा झाला नाही, म्हणजे क्षार वर येतात व जमीन चोपण होते, ही गोष्ट या खोऱ्याला शंभर वर्षांपूर्वीच कळून चुकली होती. पुढे १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्याच्या भीमेकडील अंगाला मोठा जलाशय पसरला. त्यामुळे पाऊस थोडा असूनही पाटाकडेच्या व जलाशयाकाठच्या जमिनीत वर्षातील बहुतेक महिने ओल असते. खांबाच्या दृष्टीने ही भूमी समुद्रकाठच्या भूमीहून फारशी वेगळी नाही.

कूज कशी लागते?

लाकूड कुजते ते केवळ पाण्याने नव्हे. ते बुरशीचे काम आहे. या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातील ओलावा शेकडा २० च्या खाली राहिला तर तिची वाढ होत नाही. उलट लाकूड पाण्यात पूर्ण बुडालेले असले, तर हवेअभावी तिची वाढ खुंटते. खांबाचा वरचा भाग उन्हावाऱ्याने सुकतो. खोल बुडखा चिखलात हवेवाचून राहतो. ओल आणि हवा यांची गाठ पडते ती जमिनीच्या पृष्ठभागाशी आणि तेथेच खांब आतून पोखरला जातो.

उंचावरच्या मुरमाड, सुक्या जागी बुरशीऐवजी वाळवीचा उपद्रव अधिक असतो. मातीच्या बारीक नळ्या खांबावर चढताना दिसल्या की ती आलीच असे समजावे. सखल पाणथळ रानात बुरशी आणि माळावर वाळवी, असा सर्वसाधारण भेद धरून उपाय योजावेत.

लाकडाची निवड

झाड कोणतेही असो, त्याचे बाहेरचे पांढरट लाकूड लवकर कुजते. टिकतो तो आतला गडद गाभा. यास्तव कोवळ्या झाडाचा जाड दिसणारा खांब घेण्यापेक्षा पक्व झाडाचा गाभ्याचा खांब घ्यावा. सागाचा गाभा उत्तम. बाभळीचा गाभाही चिवट व टिकाऊ असतो. तिचे पांढरे लाकूड मात्र भुंगेरे पोखरतात, म्हणून ते तासून काढावे. निलगिरी, सुरू व बांबू औषधोपचारावाचून जमिनीत घातल्यास थोड्याच वर्षांत निकामी होतात.

बांधावरचे झाड तोडण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी. साग, खैर, आंबा, चिंच, जांभूळ यांसारखी झाडे स्वतःच्या मालकीची असली, तरी राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्यानुसार त्यांच्या तोडीस परवानगी लागते. तलाठी अथवा वनखात्याकडे आधी चौकशी करणे इष्ट.

ताजे चिरलेले लाकूड लगेच वापरू नये. फळ्यांमध्ये चिपा घालून, हवा खेळेल अशी थप्पी सावलीत रचावी. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यात इंचभर जाडीच्या फळ्या साधारण दोन महिन्यांत चांगल्या सुकतात. ओल्या फळ्या ठोकल्या तर त्या पुढे पिळवटतात व त्यांच्यात फटी पडतात.

डांबर, मोरचूद आणि औषध दिलेले लाकूड

खांबाच्या बुडाला डांबर फासण्याची चाल जुनी आहे. सुक्या लाकडाला त्याचा उपयोग होतो. ओल्या लाकडाला अपायच होतो, कारण आतली ओल कोंडून राहते आणि वरून काळाभोर दिसणारा खांब आतून भुसा होतो. बूड जाळून कोळसा करण्याच्या रीतीवरही फार भिस्त ठेवू नये. कोळशाचा पातळ थर तडकतो आणि त्या भेगांतून ओल आत शिरते.

नुसत्या मोरचुदाच्या पाण्याने बुरशी मरते खरी. पण ओल्या जमिनीत मोरचूद हळूहळू धुऊन जाते, शिवाय लोखंडी खिळे खाते. टाकणखाराचेही तसेच. तो छपराखालच्या लाकडाला चांगला, जमिनीतल्या खांबाला अपुरा. ही अडचण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ साली सोडविली. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे त्यांनी केलेले मिश्रण लाकडात पक्के बसते व सहसा धुऊन जात नाही. जगभर तारांच्या व कुंपणाच्या खांबांसाठी ते वापरले गेले. मात्र आर्सेनिक हे विष आहे. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती कामाच्या लाकडासाठी त्याचा वापर उत्पादकांनी थांबविला. घराजवळच्या आडोशासाठी आर्सेनिकविरहित औषध दाबाने भरलेले लाकूड मागून घ्यावे. ते घेतल्यावर तीन गोष्टी पाळाव्यात. कापलेले टोक जमिनीत घालू नये. कापल्या जागी तेच औषध कुंचल्याने पुन्हा लावावे. औषध दिलेल्या लाकडाचे तुकडे चुलीत अथवा बंबात जाळू नयेत, तसेच ते गव्हाणीस वापरू नयेत.

खांबाची उभारणी

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लाकूड जमिनीत घालूच नये. सिमेंटचा आखूड, चौकोनी खांब जमिनीत पक्का पुरावा, तो वर दीडदोन फूट ठेवावा आणि त्याला जस्त चढविलेल्या दोन बोल्टांनी लाकडी खांब जोडावा. लाकडाचे बूड जमिनीपासून किमान दोन इंच उंच राहिले पाहिजे. मग ज्या वीतभर भागात कूज लागते, तेथे लाकूडच नसते. पुढेमागे लाकूड बदलावे लागले, तरी खड्डा पुन्हा खणावा लागत नाही. चोपण जमिनीत सिमेंटचा खांब भरीव व घट्ट काँक्रीटचा पाहून घ्यावा. पोकळ, भेगाळ खांबातील सळई क्षारांनी गंजते.

लाकूडच पुरावयाचे असल्यास खड्डे वाफसा असताना घ्यावेत. काळी जमीन ओलीने फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. या ओढाताणीने उथळ खांब कलंडतात. सहा फूट उंचीच्या आडोशाला खांब जमिनीत अडीच ते तीन फूट असावा. खड्ड्याच्या तळाशी अर्धा फूट खडी टाकावी, म्हणजे बुडाखालचे पाणी निघून जाते. निघालेली काळी माती पुन्हा न भरता मुरूम वीतवीतभर थरांनी टाकून पहारीने ठोकावा. दर थराला ओळंबा लावून खांब सरळ आहे की नाही हे पाहावे. शेवटी खांबाभोवती मातीची उतरती भर घालावी. खळगा राहू देऊ नये. काँक्रीट भरल्यास ते खांबाच्या बुडाखाली नेऊ नये, नाहीतर तळाशी वाटीसारखे पाणी साठते. त्याचा माथा जमिनीच्या वर व बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा.

खांबांमधील अंतर सहा ते आठ फूट पुरे. खांबाचे डोके सपाट न ठेवता तिरपे कापावे किंवा त्यावर पत्र्याची टोपी बसवावी. पाणी लाकडाच्या उभ्या धाग्यांतूनच सर्वांत वेगाने आत शिरते.

फळ्या कशा ठोकाव्यात?

फळीला फळी भिडवून केलेला आडोसा शिडासारखा वारा अडवितो; वळवात तो पडतो याचे तेही एक कारण. त्याऐवजी फळ्या आडव्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने ठोकाव्यात. एक फळी आतून, पुढची बाहेरून आणि दोहोंच्या कडा इंचभर एकमेकींवर येतील अशा. यातून नजर आरपार जात नाही, वारा मात्र गाळून जातो. फळ्या पावसानंतर लवकर सुकतात, हा आणखी एक लाभ.

फळ्यांची खालची कड जमिनीपासून तीन इंच वर ठेवावी. ही फट झाकावयाची असेल तर दगड लावावेत, माती लोटू नये. खिळे जस्त चढविलेले वापरावेत. साधा खिळा खारवट हवेत गंजून फळीवर काळे ओघळ उतरतात व शेवटी डोके तुटते. फळीच्या टोकाजवळ खिळा ठोकण्यापूर्वी गिरमिटाने भोक पाडल्यास फळी चिरत नाही.

आडोसा पाटाच्या चारीवर किंवा वहिवाटीच्या वाटेवर येऊ देऊ नये. हद्दीवर उभारावयाचा असल्यास शेजाऱ्याशी बोलून व गरज पडल्यास मोजणी करून घेऊनच खड्डे खणावेत. लाकूड कुजले तर बदलता येते. बांधावरून तुटलेले शेजारपण सांधणे कठीण.

मागे जिवंत कुंपण

लाकूड किती जपले तरी त्याचे आयुष्य मर्यादित आहे. म्हणून आडोसा उभारतानाच त्याच्या बाहेरच्या अंगाला, दोनतीन फूट अंतर सोडून, जिवंत कुंपण लावावे. या कामात निमगाव केतकीसारख्या पानमळ्यांच्या गावाला शिकवावयास नको. शेवरी, हादगा, पांगारा यांच्या आधाराने वेल चढविणे व मळ्याला वाऱ्यापासून जपणे ही तेथील नित्याची रीत आहे. पावसाळ्याच्या तोंडी गिरिपुष्पाच्या हातभर लांबीच्या जून काड्या दीडदोन फुटांवर लावाव्यात व मधून मेंदी पेरावी. छाटलेला गिरिपुष्पाचा पाला शेताला हिरवळीचे खत म्हणून उपयोगी पडतो. शेराचे कुंपण घराजवळ टाळावे. त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. पाणी साचणाऱ्या जागी आधी चर काढून निचरा करावा; त्यावाचून तेथे रोपही तगणार नाही आणि खांबही टिकणार नाही.

वर्षाकाठची पाहणी

दिवाळीनंतर एकदा व उन्हाळ्यात वळवापूर्वी एकदा, अशी दोनदा पाहणी करावी. खांबाभोवतीची माती चार बोटे उकरून जमिनीलगत दाभण टोचावे. ते सहज आत गेले तर कूज लागली असे समजून, खांब पडण्याची वाट न पाहता त्याला सिमेंटच्या आखूड खांबाचा जोड द्यावा. फळ्यांशी साठलेला पाचट व केरकचरा दूर करावा. न्हाणीचे सांडपाणी खांबांकडे न जाऊ देता परसबागेकडे वळवावे.

या सर्व कामात कोकणातील पावसाइतकीच पाटाच्या ओलीची धास्ती बाळगावी, हे मुख्य सूत्र होय. पाऊस येतो व जातो. पाटाची ओल जमिनीत मुक्काम करते. खांबाचा तो वीतभर भाग जपला, तर पुढल्या हंगामात ऊस तुटून रान मोकळे झाले, तरी वस्तीवरील घराचा आडोसा उभा राहील. मग चारसहा वर्षांनी लाकूड थकेल, तोवर त्याच्या मागची हिरवी भिंत पुरुषभर उंच झालेली असेल.