दोन सागरांमधील आपला मुलूख

सातारा-सांगलीचा माणूस स्वतःला समुद्रापासून दूरचा मानतो. वस्तुतः आपला मुलूख दोन सागरांच्या मधल्या पाणलोटावर वसला आहे. महाबळेश्वरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत. तरीही तेथे उगम पावणारी कृष्णा त्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच पठारावरची सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून अरबी समुद्र गाठते.

सह्याद्रीचा हा माथा जशी पाण्याची, तशीच देश आणि कोकण यांचीही सीमा. घाटवाटा ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती कोकणची वाहतूक. म्हणूनच शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये मोऱ्यांची जावळी घेतली आणि पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड उभारला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचा पराभव झाला तो त्याच्याच पायथ्याशी.

निसर्गाने आखलेली ही सीमा विसाव्या शतकात माणसाने ओलांडली. महाबळेश्वरी उगम पावणारी कोयना दक्षिणेस वाहून हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते व कराडच्या प्रीतिसंगमात कृष्णेस मिळते. धरणाने ती अडविली आणि तिचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहाकडे वळविले. वीज निर्माण करून ते वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्रास जाते. बंगालच्या उपसागराचे पाणी असे पश्चिमवाहिनी झाले. महाराष्ट्राला प्रकाश मिळाला. खोऱ्यातील कित्येक गावे मात्र जलाशयाखाली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले, ते दुःख वेगळेच.

माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पर्जन्यछायेतील माण, आटपाडी, जत येथे जेमतेम पाचशे. कृष्णा-वारणेच्या काठी आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची शेती आहे. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत त्यांच्या दारात पाणी आले. त्याच जिल्ह्याच्या पूर्वभागात लोक टँकरची वाट पाहत आले आहेत. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी तिकडे चढविले खरे. पण ते चढवायला वीज लागते, आणि पश्चिमेस वळलेले पाणी वीज देते.

पूर्वेस जाणारे पाणी पिकासाठी, पश्चिमेस जाणारे दिव्यासाठी. मोटार सुरू करताना आणि दिवा लावताना एवढे स्मरणात असावे, की दोन्हींचा उगम एकाच डोंगरमाथ्यावर आहे. तेथील जंगल टिकले, तरच दोन्ही टिकतील.