भोसरीचा बुश, अलेक्झांड्रियाची गल्ली

परदेशी सहलीहून परतलेला मनुष्य चार गोष्टी सांगतो आणि त्यांतल्या तीन खाण्यापिण्याच्या असतात. मी चौथी सांगणार आहे, कारण ती माझ्या धंद्याची आहे.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझी तीन लेथची शेड होती. सत्तावीस वर्षे ती चालवली. तिथे होणाऱ्या अनेक जॉबपैकी एक होता रिक्षाच्या पुढच्या चाकाच्या जोडणीत बसणारा अंगठ्याएवढा बुश. त्याचे ड्रॉइंग आणि पार्ट नंबर मला अजून पाठ आहेत. महिन्याला हजारो बुश गेजवर तपासून खोक्यांत भरले जायचे आणि चलनासह टेंपोतून एका मोठ्या पुरवठादाराकडे रवाना व्हायचे. पुढे ते कुठे जातात हे मी कधी विचारले नाही. बिल वेळेवर मिळाले की आमचा भूगोल तिथेच संपायचा.

२०१९च्या नोव्हेंबरात सौभाग्यवतींच्या आग्रहाखातर एका सहल कंपनीबरोबर इजिप्तला गेलो. कैरोत पिरॅमिड झाले, उंटावर बसून फोटो झाले. मग एका सकाळी वाळवंटातल्या रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटर कापून आमची बस अलेक्झांड्रियाला पोचली आणि एकदम समुद्र दिसला. किनाऱ्याला कवेत घेणारा वळणदार रस्ता पाहून बसमधल्या सगळ्यांना मरीन ड्राइव्ह आठवला. खाऱ्या वाऱ्याने पापुद्रे सुटलेल्या जुन्या इमारती, त्यांच्या गॅलऱ्यांतून वाळणारे कपडे आणि खडखडत जाणाऱ्या ट्राम. परकेपणा निम्मा तिथेच गळून पडला.

कायतबेच्या किल्ल्यावर गाइडने आम्हाला उभे केले. हा किल्ला पंधराव्या शतकातला. पण याच जागी त्याआधी जगप्रसिद्ध दीपस्तंभ होता, तो भूकंपांनी ढासळला. सिकंदराने ख्रिस्तपूर्व ३३१ मध्ये वसवलेल्या या बंदरातून रोमन जगाला हिंदुस्थानचा माल मिळायचा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेली गलबते मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रातल्या बेरेनिकेसारख्या बंदरांना लागत. तिथून माल उंटांवरून वाळवंट ओलांडून नाईलला येई आणि नदीतून इथे. मिरी, सुती कापड, मौल्यवान खडे. गाइड हे सगळे पाठ म्हटल्यासारखे सांगत होता आणि आम्ही पाठ ऐकल्यासारखे ऐकत होतो.

दुपारी कोम अल-शुकाफाची भुयारी थडगी पाहून बाहेर पडलो. मंडळी थंड पेये घेत होती, मी सहज बाजूच्या गल्लीत वळलो. तिथे ती उभी होती. तीन चाके, काळे हूड, आरशाला लटकलेली झिरमिळी, आत मोठ्याने लावलेले गाणे. तिकडे तिला टुकटुक म्हणतात. पण समोरच्या पत्र्यावरचे ‘बजाज’ वाचायला मला गाइडची गरज नव्हती. आकुर्डीच्या कारखान्याच्या भोंग्यावर ज्या गावांनी घड्याळे लावली, त्या गावांतला मी माणूस.

चालवणारा पोरगा विशीच्या आतला. त्याने विचारले, ‘‘हिंदी?’’ अरबीत हिंदी म्हणजे भारतीय. मी मान हलवताच तो ‘‘अमिताभ बच्चन!’’ म्हणून ओरडला आणि मग रिक्षाच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाला, ‘‘हिंदी!’’ मी खाली वाकून पुढच्या चाकाकडे पाहू लागलो. बुश बाहेरून दिसत नाही हे मला पक्के ठाऊक होते, तरी वाकलो. त्या बिचाऱ्याला वाटले चाक पंक्चर झाले. तोही वाकला. दोघे एका चाकाभोवती उकिडवे बसलो आणि एकमेकांची भाषा येत नसल्यामुळे नुसते हसलो.

तो बुश माझ्याच शेडमधला होता असे मी म्हणणार नाही. असे बुश करणाऱ्या शेडी आणखीही असतील. पण असू शकत होता. सत्तावीस वर्षांत प्रथमच मला कळले की मी नुसता पार्ट नंबर बनवत नव्हतो. दूरच्या एका बंदरात या पोराचे घर त्यावर चालत होते.

परत आल्यावर मी त्या रिक्षाचा फोटो आमच्या लेथ ऑपरेटरला दाखवला. अंबाजोगाईकडचा हा गृहस्थ माझ्याकडे अठरा वर्षे होता, बहुतेक बुश त्याच्याच हातून गेलेले. त्याने फोटो बराच वेळ पाहिला आणि एवढेच विचारले, ‘‘साहेब, पुढून खडखड करत होती का?’’ मी म्हटले, ‘‘नाही.’’ तो पुन्हा लेथकडे वळला. पण त्या दिवशी त्याचे रिजेक्शन शून्य होते.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, इजिप्तने टुकटुकचे मुख्य सुटे भाग आयात करणे थांबवले. टुकटुकऐवजी छोट्या व्हॅन आणाव्यात असे तिथल्या सरकारचे धोरण होते. त्यांच्या शहरांचा विचार त्यांनीच करायचा, त्यात आपण बोलणारे कोण? पण ही चार ओळींची बातमी भोसरीत बसून वाचताना मला आठवला तो पोरगा. मग आमच्याच बुशची मागणी उतरली, आणि एक लेथ दिवसाआड झाकून ठेवावा लागला. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. चाकणहून न्हावाशेवाकडे जाणारा कंटेनर पाहिला की पूर्वी मला फक्त ट्रॅफिक दिसायचा. आता वाटते, त्याच्या पुढच्या वाटेवर कुणाकुणाचा हात आहे!

शेड मी गेल्या वर्षी विकली. ऑपरेटरला दुसरीकडे काम मिळाले. निरोपाच्या आधी त्याला घेऊन एकवीरेला गेलो. आम्ही चिंचवडकर नवस बोलायला आणि फेडायला तिथे कितीदा जातो, पण देवळाला लागूनच असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात कोण रेंगाळतो? या खेपेस ओळखीचे एक इतिहासाचे प्राध्यापक बरोबर होते. त्यांनी खांबांवरचे ब्राह्मी लेख वाचून दाखवले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खांबांसाठी दान देणाऱ्यांत धेनुकाकटचे यवन आहेत. हे यवन अलेक्झांड्रियाचेच असे नाही, पण समुद्रापलीकडच्या जगाशी या घाटाचा व्यवहार होता खास. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, ब्राँझची मूर्ती सापडली. उलट २०२२ मध्ये बेरेनिकेत संगमरवरी बुद्ध सापडला. त्याच बंदरात सातवाहनांची नाणीही मिळाली आहेत.

मग प्राध्यापकांनी आम्हाला दाराशी नेले. तिथे लेख आहे की, धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने हे दार केले. राजा नाही, श्रेष्ठी नाही, सुतार. आमचा ऑपरेटर त्या अक्षरांपुढे हात जोडून उभा राहिला. देवीपुढे राहतो तसाच.

पायऱ्या उतरताना तो म्हणाला, ‘‘साहेब, त्या सुताराचं नाव राहिलं बघा.’’

मी म्हटले, ‘‘आपल्या चलनावरही तुझं नाव टाकायला हवं होतं.’’

तो हसला. ‘‘चलन काय, फाडून टाकतात. बुशवर टाकलं असतं तर गोष्ट वेगळी. पण तिथं जागा कुठं होती?’’