जमीन खरेदीसाठी नात्यातील हातउसने

शेजारचे रान विकायला निघाले की चार दिवसांत इसार द्यावा लागतो. बँकेचे कर्ज तेवढ्यात मिळत नाही. मग मुंबईतला भाऊ, मेहुणा किंवा सासरे मदतीला धावतात. खरेदीखत होते, सातबाऱ्यावर नाव लागते. उसन्या पैशांचा कागद मात्र कोणी करीत नाही. घरात कसला कागद, असे म्हटले जाते. पुढे भाऊबंदकी पेटली म्हणजे हाच व्यवहार दिवाणी न्यायालयात जातो.

समजा, नोकरीतल्या थोरल्या भावाने धाकट्यास दोन एकर घेण्यासाठी ५ लाख रुपये दिले आणि खरेदीखत एकट्या धाकट्याच्या नावे झाले. थोरल्यास वाटते, रानात आपलाही वाटा आहे. पण पैसे कर्जाऊ दिले असतील तर हक्क पैशावर राहतो, जमिनीवर नाही. 'माझ्या पैशाने माझ्यासाठीच घेतली, नाव तेवढे त्याचे लावले' असे म्हटले तर १९८८ चा बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायदा आडवा येतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर अशी जमीन सरकारजमाही होऊ शकते. भावाबहिणींना सवलत आहे, पण खरेदीखतात दोघांची नावे असतील आणि पैसा ज्ञात उत्पन्नातला असेल तरच. वाटा हवा असेल तर खरेदीच्या दिवशीच नाव घालावे. (एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेतलेल्या जमिनीची गोष्ट निराळी, तो वाटपाचा विषय आहे.)

खात्यावरून पैसे पाठवले म्हणजे पुरावा झाला, ही समजूतही अपुरी आहे. पासबुकावरून पैसे गेल्याचे दिसते, कशासाठी गेले ते दिसत नाही. धाकटा म्हणेल, दादाने ते बक्षीस दिले. ते कर्ज होते हे सिद्ध करण्याचा भार पैसे देणाऱ्यावर असतो.

सर्वांत जास्त दावे मुदतीत अडकतात, म्हणून हा भाग नीट समजून घ्यावा. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या पैशांसाठी ३ वर्षांत दावा लावावा लागतो. 'मागाल तेव्हा देईन' अशा बोलीवर पैसे दिले असतील तर ही ३ वर्षे मागणी केल्यापासून नव्हे, पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजली जातात! भावाला अवघड वाटू नये म्हणून पाच वर्षे न मागणारा भला माणूस येथेच फसतो. परतफेडीची तारीख लिहिली असल्यास त्या तारखेपासून मुदत धरतात. मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने 'अमुक इतके देणे आहे' असे सहीनिशी लिहून दिले तर पुन्हा ३ वर्षे मिळतात. थोडी रक्कम परत आली तरी ते त्याच्या सहीने लिहून घ्यावे. मुदत संपल्यावरही त्याने देण्याचे लेखी वचन सहीनिशी दिले तर ते १८७२ च्या करार कायद्याने बंधनकारक ठरते. पण भांडण झाल्यावर असे वचन कोण देतो?

हातउसनवार पावतीत रक्कम, तारीख, कारण, व्याज असल्यास त्याचा दर आणि परतफेडीची तारीख लिहावी. दोन साक्षीदार घ्यावेत. शक्यतो एक सासरचा, एक माहेरचा. वचनचिठ्ठी केल्यास रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यावी. पुरेसे तिकीट नसलेली वचनचिठ्ठी पुराव्यात घेतली जात नाही, आणि ही चूक मागाहून दंड भरूनही सुधारत नाही.

पैशाला जमिनीचे तारण हवे असेल तर दुय्यम निबंधकाकडे गहाणखत नोंदवावे. 'पैसे फिटेपर्यंत खरेदीखत करून ठेवू' हा तोडगा आमच्या मते मुळीच स्वीकारू नये. रान परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर कायदा त्यास गहाण मानत नाही, आणि तोंडी शब्दावर रान जाते.

आणखी एक. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. दोघांचेही उत्पन्न शेतीचे असून कोणालाही करपात्र उत्पन्न नसेल तर सूट मिळते. वरच्या उदाहरणातील थोरल्याच्या पगारावर कर लागत असल्यास ती मिळणार नाही. दंड कर्ज घेणाऱ्यास, तोही घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. म्हणून पैसे खात्यावरूनच घ्यावेत व खात्यावरूनच फेडावेत. फेड पूर्ण होताच मूळ पावती परत मागून घ्यावी आणि तिच्यावर 'सर्व रक्कम पोहोचली' असे देणाऱ्या नातेवाइकाच्या सहीने लिहून घ्यावे.