सूचिवेध आणि कंबरदुखी

पातूरकडील कापूस वेचणाऱ्या मजुरांस कंबरदुखी नवी नाही. ती सुई टोचून हटते काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा नव्हे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यासमवेत १९३८ साली चीनला गेलेल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी पुढे कलकत्त्यात ही अ‍ॅक्युपंक्चर विद्या रुजविली. शरीरातील चौदा वाहिन्यांतून ‘ची’ नामक प्राणशक्ती वाहते, ही तिची उपपत्ती. शवविच्छेदनात अशा वाहिन्या आढळत नाहीत.

परंतु उपपत्ती ढासळली म्हणून परिणामही खोटा ठरत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी शास्त्रोक्त सूचिवेधाने ४७.६ टक्के, भलत्याच जागी उथळ टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के, तर औषधे व व्यायाम यांनी २७.४ टक्के रुग्णांस उतार पडला. म्हणजे सुई नेमकी कोठे टोचली, यास फारसे महत्त्व उरले नाही! शिवाय तिसऱ्या गटास आपणांस सुई मिळालेली नाही हे ठाऊक होते. तेव्हा अपेक्षेचा वाटा किती, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.

सुया निर्जंतुक व एकदाच वापरलेल्या असल्यास धोका अल्प असतो. मात्र छातीत खोल गेलेल्या सुईने फुप्फुसास छिद्र पडल्याची उदाहरणे, विरळ का होईना, नमूद आहेत.